"फक्त अक्षर सांगा": दुकानातलं कार्ड पाहणीत कसं आलं

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात पाहणीचं काम करत होते. माळवदाचं घर, दुपारची वेळ. "सर्वेवाली आली" म्हणून सासूबाई, शेजारच्या चौघीजणी, पोरंटोरं सगळी ओसरीवर जमलेली. घरातली सून शिवणकाम करायची आणि त्यातून महिन्याला किती सुटतात, हे मला विचारायचं होतं. तिनं तोंडानं आकडा सांगितला असता तर दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झाला असता. मी तिच्या हातात एक जाड कागद दिला. त्यावर उत्पन्नाचे टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यापुढे एक अक्षर, तेही क्रमानं न लावता मागंपुढं केलेलं. "वहिनी, फक्त अक्षर सांगा." तिनं कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "म." सासूबाईंनी विचारलं, "म म्हंजे किती गं?" सून गप्प राहिली. मी 'म' लिहून पुढचा प्रश्न काढला.

या कागदाला शो-कार्ड म्हणतात. २००२ पासून चालणाऱ्या युरोपियन सोशल सर्व्हेत उत्पन्नाच्या कार्डावरची अक्षरं अशीच विस्कटलेली असतात. शेजारी बसलेल्याला उत्तर ऐकू येतं, पण कळत नाही.

शो-कार्ड हे नाव मात्र दुकानातलं. १७९६ च्या सुमारास जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरनं दगडावरून छपाईची रीत काढली. पुढं एकोणिसाव्या शतकात त्यात रंग आले आणि साबणाची, चहाची रंगीत चित्रं स्वस्तात निघू लागली. जाड पुठ्ठ्यावर चित्र, मागं पुठ्ठ्याचाच पाय, की झालं गल्ल्यावर उभं राहणारं कार्ड. आपल्याकडं राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तोही याच दगडी छपाईचा. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाईकालाही चित्रावरून माल ओळखता येई, ही या कार्डांची खरी ताकद. आपल्या किराणा दुकानातली "आज रोख, उद्या उधार" ही पाटी त्याच घराण्यातली. दुकानदाराला जे तोंडानं म्हणायला अवघड जातं, ते पाटी म्हणते.

मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, याच्या नेमकं उलटं चालायचं. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवायचे. त्याला हत्ता म्हणत. ज्याचा माल, त्यालाच भाव दिसत नसे. बाजार समितीच्या नियमांनी ही रीत मोडली, उघड लिलाव आला, भावफलक लागले. म्हणून मला वाटतं, झाकणं मुळात वाईट नाही. झाकण कोणाच्या हातात आहे ते बघावं. हत्त्यात ते व्यापाऱ्याच्या हातात होतं. ओसरीवर ते त्या सुनेच्या हातात होतं.

कार्डाचं दुसरं काम डोक्यावरचा भार हलका करण्याचं. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं की आपण एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढं नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. दहा पर्याय नुसते वाचून दाखवले तर शेवटचे दोन-तीन कानात राहतात आणि उत्तर बहुधा त्यातलंच येतं.

कार्ड दिलं की पारडं दुसरीकडं झुकतं. क्रॉसनिक आणि अल्विन या संशोधकांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा अभ्यास छापला. मुलांच्या अंगी असावेत अशा तेरा गुणांचं कार्ड लोकांना दाखवलं होतं, त्यातले महत्त्वाचे तीन निवडायचे होते. काहींच्या कार्डावर क्रम उलटा होता. वर छापलेले गुण जास्त निवडले गेले, आणि कमी शिकलेल्यांत हा कल अधिक दिसला. माणूस वरून वाचत येतो, पटण्याजोगं काही दिसलं की तिथंच थांबतो. म्हणून दोन-तीन क्रमांची कार्डं छापून ती घरागणिक बदलत वापरायला हवीत. छपाईचा खर्च वाचवायला एकच क्रम छापणं मला अजिबात मान्य नाही.

आणि वाचताच येत नसेल तर? "तूच सांग माय, मला कुठं वाचाया येतंय," हे वाक्य मी किती ओसऱ्यांवर ऐकलं असेल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तर कार्डच साक्षरता मोजतं: कमी शिकलेल्या बाईपुढं एका वाक्याचं कार्ड धरतात आणि पूर्ण वाचलं, थोडं वाचलं की नाहीच वाचता आलं, ते टिपतात. बाकीच्या प्रश्नांना चित्र लागतं. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये शिडीचं चित्र मांडलं: सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाची म्हणजे सगळ्यात वाईट, तुम्ही कुठं उभे आहात? माळवदावर रोज शिडीनं चढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. ती सरळ पायरीवर बोट ठेवते.

शक्यता विचारायची असेल तर चित्रही पुरत नाही. आफ्रिकेत मलावीतल्या पाहण्यांत लोकांसमोर दहा दाणे ठेवतात: जितकी खात्री, तितके दाणे बाजूला काढायचे. मी चिंचोके नेते. एका आजींना विचारलं, यंदा मृगात पेरणीजोगा पाऊस होईल असं किती वाटतं? त्यांनी पाच चिंचोके पुढं सरकवले. मग बाहेर आभाळाकडं पाहिलं आणि त्यातला एक परत ओढून घेतला.