शंकुच्छायेने दिक्साधन

मोकळ्या जागी उभ्या रोवलेल्या काठीच्या, म्हणजे शंकूच्या, सावलीवरून दिशा ठरवण्याची ही रीत यज्ञवेदीची पूर्व-पश्चिम रेषा आखण्यासाठी कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे वेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथात, सांगितली आहे. सूर्यसिद्धांत या ज्योतिषग्रंथातील त्रिप्रश्नाधिकाराचा, म्हणजे दिशा, स्थळ व काळ यांवरील अध्यायाचा, आरंभही तिनेच होतो. पाण्याने सपाटी तपासलेल्या जागेवर वर्तुळ आखून त्याच्या केंद्रात बारा अंगुळांचा शंकू ओळंब्यात उभा करतात. सकाळी आखडत जाणाऱ्या सावलीचे टोक जेथे वर्तुळात शिरते तेथे एक आणि दुपारनंतर ते जेथून बाहेर पडते तेथे दुसरी खूण करतात. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची; दोहोंना जोडणाऱ्या रेषेला लंब काढला की दक्षिणोत्तर रेषा मिळते. दोन्ही वेळी सूर्य सारख्याच उंचीवर असतो, हे या रीतीचे मर्म आहे. मधल्या तासांत सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, किंचित बदलत असल्याने थोडी चूक राहते, पण वाट शोधणाऱ्याला ती जाणवण्याजोगी नसते.

माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, हा प्रचलित नियम मात्र महाराष्ट्रात बारमाही चालत नाही, कारण सारा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यास आणि नागपुरात त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो. त्यानंतर तो पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे सरकेपर्यंत, म्हणजे स्थळानुसार जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत, माध्यान्हीची सावली दक्षिणेकडेच पडते. जूनपासून बहुधा आभाळ भरलेले असल्याने फसगत व्हायची ती करवंदांच्या दिवसांतच. सारख्या सावल्यांच्या रीतीला या उलटापालटीची बाधा होत नाही. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे रोखून दक्षिण काढण्याची युक्ती मात्र या काळात सपशेल चुकते.

माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, असेही नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असल्यामुळे मुंबईत माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२.२२ च्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.५३ च्या सुमारास येते. सूर्य नेमका पूर्वेस उगवतो तोही विषुवदिनांच्याच, म्हणजे दिवस-रात्र सारखी असण्याच्या दिवसांच्या, सुमारास. मुंबईत जूनच्या उत्तरार्धात तो पूर्वबिंदूपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे असतो.

दिवसभर थांबणे शक्य नसल्यास वीसेक मिनिटांच्या अंतराने सावलीच्या टोकाशी दोन खुणा करून जोडतात व पहिली खूण पश्चिमेची धरतात. ही रेषा माध्यान्हीच्या आसपास बरीच खरी उतरते, सकाळ-संध्याकाळी तिरकी जाते. विषुवदिनी मात्र टोक दिवसभर सरळ पूर्व-पश्चिम रेषेतच सरकत असल्याने कोणत्याही वेळच्या दोन खुणा पुरतात.