गढीची पांढरी माती अन् सरकारची निळी पाटी

आमच्या वऱ्हाडात गाव तिथं गढी, म्हणजे पाटला-देशमुखांचा जुना कोटवजा वाडा. गावातल्या उंचवट्यावर, खाली दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीचे बुरूज, अन् आता बहुतेक ठिकाणी नुसता ढिगारा. लहानपणी आम्ही पोट्टे तिथं बोरं वेचायला जायचो अन् मोठी माणसं बंडी घेऊन माती आणायला, कारण धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर टाकायला गढीची माती लय चांगली, पाणी गळत नाही. म्हणजे गावाचा इतिहास आम्हीच टोपल्यानं वाहून स्वतःच्या घरावर टाकला अन् कोणाला काही वाटलं पण नाही. आता जो तो म्हणतो वारसा जपा, तर ही जपायची भानगड सुरू कुठून झाली ते जरा मागं जाऊन बघू.

सरकारी जपणूक इंग्रजांपासूनची. 1861 मधी पुरातत्त्व खातं निघालं, त्याचा पहिला साहेब कनिंगहॅम, तो पुढं वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची देवळं पण बघून गेला. मग कझिन्स नावाच्या साहेबानं मध्य प्रांत अन् वऱ्हाडातल्या जुन्या वास्तूंची यादीच केली, ती 1897 मधी छापून आली. वऱ्हाडाची तेव्हा गंमतच होती, 1853 पासून कारभार इंग्रजांचा पण मालक म्हणून नाव निजामाचं, अन् 1903 मधी आपल्याला मध्य प्रांताला जोडून टाकलं. 1904 मधी व्हाइसरॉय कर्झनच्या काळात स्मारकं जपायचा कायदा आला. तेव्हापासूनची रीत एकच, यादीत नाव असेल तर राखण, नसेल तर रामभरोसे. यादीत गेली हेमाडपंती देवळं, किल्ले, मशिदी. गावोगावच्या गढ्या बहुतेक बाहेरच राहिल्या, त्या पडल्या पाटला-देशमुखांच्या घरच्या, त्यांना स्मारक म्हणणार कोण.

पण लोक काही जपतच नव्हते असं नाही हां, त्यांची पद्धत वेगळी होती. मेहकरची बालाजीची मूर्ती घ्या. 1888 मधी जमिनीतून निघाली, अन् मेहकरात सांगतात की साहेब ती विलायतेला नेईल म्हणून लोकांनी घाईघाईनं तिची प्रतिष्ठापनाच करून टाकली. पूजा सुरू झालेला देव उचलून न्यायची हिंमत मग कोण करणार! कायदा यायच्या आधीचं हे संरक्षण, अन् ते टिकलं.

स्वातंत्र्यानंतर केंद्राचा कायदा आला 1958 चा, त्यात शंभर वर्षांहून जुनी वास्तू बसते. त्याच्या आधी 1956 मधी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता, 1960 ला महाराष्ट्र झाला अन् राज्यानं स्वतःचा वेगळा कायदा केला. म्हणून आता दोन खाती, एक दिल्लीचं एक मुंबईचं, अन् गावातल्या माणसाला संरक्षित स्मारकाची निळी पाटी दिसते तेवढीच, ती कोणत्या खात्याची अन् देवळाचा दगड निखळला तर सांगायचं कोणाला हे शंभरात दोघांना माहीत असेल. मुंबईत 1995 पासून शहरातल्या जुन्या इमारतींसाठी हेरिटेजचे वेगळे नियम आहेत, खेड्यात तसं काय आहे ते मला तरी कुठं दिसलं नाही.

2010 मधी केंद्राचा कायदा आणखी कडक झाला. केंद्राच्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. हेतू चांगलाच आहे, पण आपल्याकडं देऊळ गावाच्या मधात असतं, त्याला चिकटून घरं, मग घरकुल मंजूर झालं तरी बांधता येत नाही अन् माणूस त्या देवळावरच चिडतो. दुसरीकडं जिथं पाटी नाही तिथं उलटं. हेमाडपंती म्हणजे चुना न लावता खाचेत खाच बसवून रचलेला काळा दगड, त्याच्यावर ऑइलपेंट, आत टाइल्स, पुढं सिमेंटचा सभामंडप, सगळं वर्गणी काढून अन् भक्तीनं. वरून गुप्तधनवाले, अमावस्येच्या रात्री नंदीखाली खड्डा खणून जातात, भेटत काहीच नाही, नंदी तेवढा उलथतो.

महिमापूरची सातमजली विहीर बघा, दर्यापूर तालुक्यात. पायऱ्या उतरत जा, खाली गारवा लागतो अन् वर बघितलं की आभाळाचा चौकोन. मुंबई-पुण्याकडं असती तर तिकीट लावलं असतं. 2025 मधी मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात विदर्भातला एक पण नाही. निकष वेगळा होता हे कळतं, आपले गाविलगड-नरनाळा किल्ले मराठ्यांच्या त्या गोष्टीत बसत नाहीत, तरी मनाला लागतंच. चंद्रपूरच्या पोरांनी मात्र 2017 मधी कोणाची वाट न बघता गोंड राजांच्या परकोटावरची, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या तटावरची झाडंझुडपं स्वतः तोडायला घेतली, महिनोन्महिने, रोज सकाळी.

आमच्या गढीवर आता पाण्याची टाकी उभी आहे, गावात उंच जागा तीच ना. पाया खोदताना खापरं निघाली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे अन् जात्याची एक तळी. खापरं मुरुमात गेली. तळी मारुतीच्या पारावर ठेवली आहे, संध्याकाळी म्हातारे तिच्यावर बसून तंबाखू मळतात.