शालेय ग्रंथपालांचे व्यावसायिक शिक्षण आणि पदासाठीचा पाठपुरावा : पार्श्वभूमी

शाळेत गणिताचे चार शिक्षक असू शकतात, भाषेचे सहा असू शकतात. ग्रंथपाल मात्र, असलाच तर, बहुधा एकच असतो. त्याच्या कामातील अडचणी समजू शकेल असा सहकारी त्याला त्या इमारतीत मिळत नाही. त्याच्या कामाचे मूल्यमापन ग्रंथालयशास्त्र न शिकलेले मुख्याध्यापक करतात आणि खर्चकपातीची वेळ आली की बैठकीत त्याच्या पदाविषयी बोलणारे दुसरे कोणी नसते. म्हणूनच व्यावसायिक शिक्षण आणि पदाची बाजू मांडणे ही दोन कामे या क्षेत्रात पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि दोन्हींचा भार संघटनेवर आला आहे. या घडामोडींची सर्वांत सलग नोंद अमेरिकेत सापडते. त्यामुळे पुढील विवेचनाचा बराचसा भाग तिथलाच आहे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना १८७६ मध्ये झाली आणि मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राचे पहिले विद्यालय सुरू केले. या दोन्ही घटनांच्या केंद्रस्थानी सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालये होती. शाळेतील पुस्तकांची जबाबदारी तेव्हा एखाद्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून असे. नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षक-संघटनेत १८९६ मध्ये ग्रंथालय विभाग निघाला. १९०० मध्ये मेरी किंग्जबरी यांची ब्रुकलिनमधील इरॅस्मस हॉल या माध्यमिक शाळेत नेमणूक झाली. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेऊन शाळेत नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या ग्रंथपाल मानल्या जातात. १९१४ मध्ये ग्रंथपालांच्या संघटनेतही शालेय ग्रंथालयांचा विभाग झाला. अशा रीतीने शालेय ग्रंथपालाचा एक पाय शिक्षकांच्या संघटनेत आणि दुसरा ग्रंथपालांच्या संघटनेत राहिला, आणि ही दुहेरी ओळख पुढे त्याला कधी आधार देणारी तर कधी अडचणीची ठरली.

कागदावरील पहिला ठोस निकष १९२० चा. डेट्रॉइटमधील शिक्षक चार्ल्स सर्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांसाठी जागा, पुस्तके, निधी आणि ग्रंथपालाची पात्रता यांचे मोजमाप घालून दिले. १९२५ मध्ये प्राथमिक शाळांसाठीही तसेच निकष आले. शाळेने आपल्या कुवतीप्रमाणे काहीतरी करावे, असे मोघम न बोलता अमुक विद्यार्थिसंख्येला अमुक व्यवस्था हवी असे लिहून ठेवल्यामुळे ग्रंथपालाला व्यवस्थापनापुढे दाखवण्यासारखे काही मिळाले, आणि माझ्या मते पदासाठीच्या पाठपुराव्याचा खरा आरंभ इथे आहे.

निकषांमागे सक्ती आली की शिक्षणाची मागणी कशी वाढते, हे दक्षिणेकडील राज्यांत दिसले. तिथल्या शाळांना मान्यता देणाऱ्या संघटनेने १९२७ मध्ये ग्रंथालयाचे निकष स्वीकारले आणि मान्यता टिकवण्यासाठी शाळांना प्रशिक्षित माणसे हवीशी झाली. उन्हाळी सुट्टीतील अभ्यासक्रमांतून शिक्षकांना ग्रंथालयाचे काम शिकवले जाऊ लागले. मात्र ही संधी सर्वांना सारखी नव्हती. वंशभेदाच्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तिथल्या ग्रंथालय-विद्यालयांची दारे बंद होती. त्यांच्यासाठी व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये १९२५ मध्ये विद्यालय सुरू झाले, ते १९३९ मध्ये बंद पडले आणि १९४१ मध्ये अटलांटा विद्यापीठात नवे विद्यालय उघडेपर्यंत मधे खंड पडला. दरम्यान काही उन्हाळी वर्गांतून कृष्णवर्णीय शाळांतील शिक्षक-ग्रंथपालांनी प्रशिक्षण घेतले. या व्यवसायाच्या इतिहासात हे पान ओझरते उरकले जाते, याचे वाईट वाटते. कारण पदाची मागणी करण्याआधी शिकण्याचा हक्कच मागावा लागलेली ही माणसे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर संघटनेला स्वतंत्र बळ आले. १९५१ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ स्कूल लायब्ररियन्स ही अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्वतंत्र शाखा झाली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची चिंता पसरली आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून विज्ञान, गणित व परकीय भाषांच्या पुस्तकांसाठी पैसा शाळांपर्यंत पोचला. १९६० मध्ये संघटनेने नवे निकष प्रसिद्ध केले. फ्रान्सेस हेन आणि रूथ अर्स्टेड यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या दस्तऐवजात २०० ते ९९९ विद्यार्थ्यांच्या शाळेत ६,००० ते १०,००० पुस्तके असावीत आणि सुमारे ३०० विद्यार्थ्यांमागे एक ग्रंथपाल असावा, असे म्हटले होते. अनेक प्राथमिक शाळांत मध्यवर्ती ग्रंथालयच नसताना हे आकडे स्वप्नवत वाटणारे होते.

ते स्वप्न नाही हे पटवण्यासाठी जो मार्ग निवडला गेला, तो मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नॅप प्रतिष्ठानाने दिलेल्या ११ लाख ३० हजार डॉलरच्या देणगीतून १९६३ ते १९६८ या काळात निवडक शाळांत निकषांप्रमाणे पूर्ण ग्रंथालये चालवून दाखवण्यात आली, आणि इतर गावांतील शिक्षक, मुख्याध्यापक व शिक्षण मंडळाच्या सदस्यांना ती पाहायला आणण्याची सोय करण्यात आली. वर्गातला पाठ आणि ग्रंथालयातले काम एकत्र आखले जाताना पाहून परतलेला मुख्याध्यापक आपल्या गावी ग्रंथपालाच्या पदाविषयी बोलू शकत होता, आणि त्याचे म्हणणे ग्रंथपालाच्या स्वतःच्या मागणीपेक्षा अधिक ऐकले जाण्याची शक्यता होती.

१९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने शालेय ग्रंथालयातील साहित्य, पाठ्यपुस्तके आणि इतर शैक्षणिक साधने यांसाठी पहिल्या वर्षासाठी १० कोटी डॉलर मंजूर केले. त्याच वर्षीच्या उच्च शिक्षण कायद्यातून ग्रंथपालांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि अभ्यासवर्ग मिळाले. कपाटे झपाट्याने भरली. पण साहित्यासाठीचा हा निधी पुस्तके आणि साधने घेण्यासाठी होता, ती मुलांच्या हाती पोचवणाऱ्या माणसाच्या पगाराची हमी त्यात नव्हती. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा घालणारा प्रस्ताव मंजूर झाल्यावर तिथली ग्रंथपालांची पदे मोठ्या प्रमाणात गेली. १९८१ मध्ये संघराज्याचे वेगवेगळे निधी एकत्र करून राज्यांना सरसकट देण्याची पद्धत आली आणि ग्रंथालयांसाठी राखीव असलेला पैसा इतर गरजांशी स्पर्धा करू लागला. १९८३ मध्ये देशाच्या शिक्षणाविषयी धोक्याचा इशारा देणारा गाजलेला सरकारी अहवाल आला, तेव्हा त्यात शालेय ग्रंथालयांचा विचारच नव्हता.

संघटनेचे पुढील काम या धक्क्यांच्या प्रकाशात पाहावे लागते. १९८० मध्ये लुईव्हिल येथे पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि एकेकट्या काम करणाऱ्या ग्रंथपालांना आपल्यासारख्या इतरांकडून शिकण्याची हक्काची जागा मिळाली. १९८५ पासून एप्रिल हा शालेय ग्रंथालय महिना म्हणून पाळला जाऊ लागला. १९८८ च्या ‘इन्फर्मेशन पॉवर’ या मार्गदर्शक दस्तऐवजाने पुस्तकांच्या संख्येवरचा भर कमी करून ग्रंथपालाच्या तीन भूमिका पुढे केल्या: माहितीतज्ज्ञ, शिक्षक आणि अध्यापनातील सल्लागार. त्यानंतर देवघेव आणि तालिकेपुरते प्रशिक्षण अपुरे ठरले. पाठ आखणे, सहकाऱ्यांसोबत शिकवणे आणि माहितीची पारख मुलांना शिकवणे हेही ग्रंथपालाला यावे लागले.

पाठपुराव्याला संशोधनाची जोड १९९३ मध्ये मिळाली. कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतील शाळांचा अभ्यास करून, ग्रंथालयाचे मनुष्यबळ व संग्रह चांगला असलेल्या शाळांतील विद्यार्थ्यांची चाचण्यांतील कामगिरी चांगली असते आणि कुटुंबांच्या आर्थिक स्थितीचा हिशेब घेतल्यावरही हा संबंध टिकतो, असे दाखवले. इतर राज्यांतही असे अभ्यास झाले. अर्थात परस्परसंबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि शिक्षण मंडळापुढे हे निष्कर्ष मांडताना ही मर्यादा सांगणेच ग्रंथपालांच्या विश्वासार्हतेला धरून आहे.

अमेरिकेबाहेरही संघटना उभ्या राहत होत्या. ब्रिटनमध्ये स्कूल लायब्ररी असोसिएशन १९३७ मध्ये निघाली. तरीही इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणे नियमाने बंधनकारक असून शाळेत ते नाही. १९७१ मध्ये जमैकात शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९९ मध्ये ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘इफ्ला’ आणि युनेस्को यांच्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्याने ग्रंथपाल हा व्यावसायिक पात्रता असलेला कर्मचारी असावा, असे स्पष्ट म्हटले.

नव्या शतकात ग्रंथपालांच्या बाजूने बोलणारे लोक बदलले. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे ग्रंथपालांचे तास कमी झाल्यावर २००७ मध्ये तीन मातांनी राज्यभर मोहीम उभारली आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने शालेय ग्रंथालयांसाठी निधी मंजूर केला. डिसेंबर २०१५ मध्ये संघराज्याच्या नव्या शिक्षण कायद्यात परिणामकारक शालेय ग्रंथालय उपक्रमांचा उल्लेख आला, परंतु त्याची शब्दरचना परवानगी देणारी आहे, बंधन घालणारी नाही. पैसा वापरायचा की नाही हे राज्ये आणि स्थानिक शिक्षण मंडळे ठरवतात. म्हणून संघटनेने राज्याराज्यांत कार्यशाळा घेऊन या कायद्यातील तरतुदी आपल्या राज्याच्या व जिल्ह्याच्या आराखड्यात कशा आणाव्यात, हे ग्रंथपालांना शिकवायला घेतले.