नव्या डिझेल पिकअपचे रनिंग-इन

नव्या वाहनाचे एकमेकांवर घासणारे भाग आपापल्या जागी नीट बसेपर्यंत ते एका ठरावीक रीतीने चालवणे, याला रनिंग-इन म्हणतात. ‘गाडी अजून रनिंगमध्ये आहे’, ‘इंजिन मोकळं व्हायचंय’ असे आपण म्हणतो, ते याच काळाबद्दल. ही नोंद उत्तर अमेरिकेतल्या हेवी-ड्यूटी डिझेल पिकअपविषयी आहे : फोर्डची सुपर ड्यूटी, रॅमच्या २५०० व ३५००, शेव्हरोले आणि जीएमसीच्या त्याच गटातल्या गाड्या. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे गठ्ठे, खोदकामाची यंत्रे, चाकांवरची घरे ओढणे हे यांचे खरे काम. २०१९च्या रॅम ३५०० मध्ये कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनाने १,००० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,३५६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) गाठला आणि योग्य जोडणी असल्यास ही गाडी ३५,१०० पौंड, जवळजवळ १६ टन ओढते असे कंपनीने जाहीर केले. असा भार नव्या गाडीला पहिल्यांदा कधी जोडायचा, हा रनिंग-इनचा मूळ प्रश्न आहे.

तो अवघड होतो, कारण एकाच गाडीतल्या दोन भागांच्या मागण्या एकमेकींविरुद्ध आहेत. इंजिनाला भार हवा असतो. मागच्या अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियनला, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांच्या जोडीला, सुरुवातीला तो नको असतो. बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

सिलिंडर आणि रिंगा

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते, मुद्दाम तशी ठेवलेली नसते. होनिंग करताना, म्हणजे खरखरीत दगडाने भिंत घासून पुरी करताना, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. या रेघांत तेल टिकून राहते. रेघांमधले उंचवटे पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या, म्हणजे पिस्टन रिंगांच्या, घर्षणाने झिजून सपाट होतात आणि रिंग भिंतीला सगळीकडून सारखी चिकटते. यालाच रिंगा बसणे म्हणतात. आजच्या कारखान्यांत हे उंचवटे होनिंगच्या शेवटच्या टप्प्यातच बरेचसे उतरवून देतात, त्यामुळे पूर्वीइतके काम गाडीच्या मालकावर उरत नाही.

रिंगेला भिंतीवर कोण दाबते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. रिंगेचा स्वतःचा ताण थोडा असतो. खरा दाब येतो तो जळणाऱ्या वायूचा : तो रिंगेच्या खाचेत, तिच्या मागच्या बाजूला शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. डिझेल इंजिनात भार वाढला की जास्त इंधन जळते आणि हा दाब वाढतो. आधुनिक इंजिनांत तो दीडशे बारच्याही वर जातो. भार नसेल तर रिंग भिंतीवर नुसती तरंगल्यासारखी फिरते. मग वायू खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) निसटतो, तेल वर येते, भिंतीवर भाजले जाते आणि त्याचा कडक चकचकीत थर जमतो. या ग्लेझने रेघा बुजल्या की इंजिन तेल खाऊ लागते आणि ब्रीदरमधून (क्रँककेसचा वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारते. पुढे कितीही भार दिला तरी हे बहुधा सुधारत नाही. इंजिन उघडून पुन्हा होनिंग करणे आणि नव्या रिंगा घालणे हाच उपाय राहतो. सोसायट्यांच्या आवारातले डिझेल जनरेटर क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली फार वेळ चालवू नयेत असे सांगतात, त्यामागे याच जातीचा त्रास आहे.

म्हणून नव्या डिझेलला अंड्यासारखे जपणे हा माझ्या मते सर्वांत महाग पडणारा लाड आहे. रॅमच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आढळते : कमिन्स इंजिनाला त्याच्या बांधणीमुळे वेगळ्या रनिंग-इन काळाची गरज नाही, आणि हलके किंवा बिनभाराचे काम केल्यास ते पूर्ण कार्यक्षमतेला पोहोचायला उलट जास्त वेळ लागतो. सोबतच्या सूचना साध्या आहेत. भार देण्यापूर्वी इंजिन गरम होऊ द्यावे. फार वेळ उभ्या गाडीत चालू ठेवू नये. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटू नये. महामार्गावर वजन ओढत असताना अॅक्सिलरेटर एकाच जागी धरून ठेवू नये. तेल आणि कूलंटची पातळी वरचेवर पाहावी.

पेट्रोल गाडीचा एक तोडगा इथे लागू पडत नाही. वेग घेऊन मग गिअरमध्येच गाडी सोडून द्यायची, म्हणजे थ्रॉटल बंद झाल्याने सिलिंडरमध्ये निर्वात होतो आणि भिंतीवर तेल खेचले जाते, असे जुने मेकॅनिक सांगतात. डिझेलमध्ये हवा अशी कोंडून वेग नियंत्रित केला जात नाही, त्यामुळे तो परिणाम मिळत नाही.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याला आणखी एक कारण आडवे येते. २००७ पासून अमेरिकेतल्या या गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. कमी भारावर एक्झॉस्ट थंड राहतो, फिल्टर लवकर भरतो आणि तो जाळून साफ करण्याची फेरी वारंवार येते. ज्या इंजिनांत या फेरीचे जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारले जाते, तिथे त्यातले थोडे भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ते पातळ करते.

क्राऊन-पिनियन

इंजिन भारावर खूश असेल, तर कंपन्या पहिले काही शे मैल ट्रेलर का जोडू देत नाहीत? मुख्यतः मागच्या अॅक्सलमुळे. क्राऊन-पिनियन हायपॉइड जातीचे असते : पिनियनचा आस क्राऊनच्या आसाच्या खाली असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. नव्या दात्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि सगळा जोर त्या थोड्या टोकांवर येतो. घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त. त्यात सात-आठ टनांचा ट्रेलर घेऊन चढण लागली, तर गिअर ऑइल इतके तापते की त्याचा थर तुटतो आणि दात्यांचा कठीण केलेला पृष्ठभागच मऊ पडू शकतो. असा अॅक्सल लगेच मोडत नाही. तो काही हजार मैलांनी गुंजायला लागतो, आणि तोवर पहिल्या आठवड्यातला ट्रेलर कोणाच्या लक्षातही नसतो.

यावर उतारा म्हणजे तापणे आणि थंड होणे. अॅक्सलचे गिअर बदलून देणारे कारागीर पहिल्या फेरीला पंधरा-वीस मिनिटे हलकेच चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायला सांगतात. नव्या गाडीत इतके काटेकोर राहण्याची गरज नसली तरी तत्त्व तेच. ५०० मैलांच्या आसपास अॅक्सलचे तेल बदलण्याची चाल अनेक मालक पाळतात. कंपनी ते मागतेच असे नाही, पण इंजिन ऑइल घाईने बदलण्यापेक्षा हा खर्च मला जास्त सार्थ वाटतो, कारण अॅक्सलमध्ये झिजलेले लोखंड गाळायला फिल्टर नसतो. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करडी, मऊ पेस्ट दिसली तर ती साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण दिसले तर मात्र गाडी दाखवावी.

किती मैल?

फोर्ड पहिले १,००० मैल (१,६०० किमी) काही ओढू नका असे सांगते. जनरल मोटर्स (शेव्हरोले आणि जीएमसी बनवणारी कंपनी) आणि रॅम यांची मर्यादा ५०० मैल (८०० किमी) आहे. मात्र त्यांनी दुसरा टप्पाही घातला आहे : ट्रेलर जोडल्यानंतरच्या पहिल्या ५०० मैलांत वेग ताशी ५० मैलांच्या (८० किमी) वर नेऊ नये आणि उभ्या गाडीतून पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन निघू नये. हा दुसरा टप्पाच बहुतेकांकडून निसटतो. पाचशेचा आकडा पुरा झाला म्हणून त्याच संध्याकाळी सगळ्यांत जड ट्रेलर लावणे म्हणजे अर्धीच सूचना वाचणे. तेलात घर्षण कमी करणारी बाटलीबंद द्रव्ये घालू नयेत. फोर्डने यामुळे रिंगा बसण्यात अडथळा येतो असा इशारा दिला आहे.

मोकळ्या गाडीचे हे मैल कसे जातात यालाही महत्त्व आहे. सपाट आंतरराज्य मार्गावर क्रूझ कंट्रोल लावून एका दिवसात पाचशे मैल तोडले, तर आकडा भरतो, पण इंजिनाला ना बदलता वेग मिळतो ना चढ, आणि नव्या ब्रेक पॅडना डिस्कवर बसण्यापुरतेही काम मिळत नाही. गावातले थांबे, घाट, थोडा माल हौद्यात, असे मिश्र चालवणे बरे.

महाराष्ट्रात पिकअप माल पाठीवर वाहते. मागे ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो. दसऱ्या-पाडव्याला घेतलेला ट्रॅक्टर लगेच उसाच्या दोन ट्रॉल्यांना जुंपला जातो, तेव्हा प्रश्न हाच असतो. फक्त तिथे मोजमाप तासांत होते आणि पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना येते. फलटणला टाटा कमिन्सचा कारखाना असल्याने कमिन्स हे नावही इथे परके नाही.

ट्रेलर नवा असेल तर त्याचेही रनिंग-इन असते. त्याच्या इलेक्ट्रिक ब्रेकचे अस्तर ड्रमला घासून बसेपर्यंत ब्रेक कमी लागतात, म्हणून गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या कंट्रोलरची पहिली जुळणी काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. चाकांचे नटही सैल पडतात. अॅक्सल बनवणारे ते १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायला सांगतात, म्हणजे पहिला थांबा घरापासून जेमतेम पंधरा मिनिटांवर येतो.