बीपीएल नाही म्हणून रेशन नाही?

"बीपीएल कार्ड नसेल तर रेशनचं धान्य मिळतच नाही" हा मेसेज आमच्या इंदूरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तसं वाटणं साहजिकच कारण पूर्वी सगळं बीपीएल-एपीएलवरच चालायचं. पण 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर पात्र कोण हे राज्य ठरवतं, आणि आपल्या एमपीत नोंदणी असलेले बांधकाम मजूर, हातठेलेवाले, घरकाम करणाऱ्या बायकासुद्धा त्यात बसतात. माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयवाल्यांना (सगळ्यात गरीब घरांना) घरटी 35. दुकानदार बघतो ती पात्रता पर्ची, म्हणजे रेशनला पात्र असल्याची सरकारी चिठ्ठी. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची कामगार नोंदणी होती, समग्र आयडी (एमपी सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) होता, फक्त पर्चीचा अर्जच कुणी भरला नव्हता! एमपी सरकारच्या रेशनमित्र पोर्टलवर समग्रचा फॅमिली आयडी टाकून बघा, नाव नसेल तर सगळ्यांची आधार कार्डं घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसला जा.