घंटावाल्याचा दोर आणि लोखंडाची सळई

युरोपातल्या कितीतरी जुन्या चर्चच्या घंटांवर दोन लॅटिन शब्द कोरलेले असत : ‘फुल्गुरा फ्रांगो’. म्हणजे ‘मी विजा मोडते’. आभाळ गडगडू लागलं की घंटावाला मनोऱ्यात धावायचा आणि दोर ओढू लागायचा. मंत्रून पवित्र केलेल्या घंटेच्या नादाने वादळातल्या दुष्ट शक्ती पळतात, अशी श्रद्धा होती. पायाळू माणसावर वीज पडते असं आपल्याकडेही म्हणतात. पण तिथे त्या श्रद्धेपायी जीव जायचा तो घंटावाल्याचा. १७८४ साली म्युनिकमध्ये छापलेल्या एका पुस्तकात ३३ वर्षांचा हिशेब मांडला आहे : वीज पडलेले मनोरे ३८६, मेलेले घंटावाले १०३.

वीज जमिनीकडे जायला वाट शोधते. गावात सर्वांत उंच काय, तर चर्चचा मनोरा. त्यात वर घंटेचा धातू, खाली पावसाने भिजलेला दोर आणि दोराच्या टोकाला उभा माणूस. वाट आयतीच तयार. विजेच्या एका लोळात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो. तो दगडाच्या सांध्यांतून गेला तर आत मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि भिंत आतून फुटते.

ज्ञानोदयाचं युग, म्हणजे युरोपातलं अठराव्या शतकातलं बुद्धिवादाचं युग, म्हटलं की आपल्याला तत्त्वज्ञ आठवतात, क्रांती आठवते. मला मात्र त्या काळातली बुद्धी छपरावरच्या एका सळईत सगळ्यात स्पष्ट दिसते.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातला छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन याने सुचवलं, की उंच जागी लोखंडाची टोकदार सळई उभारा; वीज ही आपल्या प्रयोगांतल्या ठिणगीसारखीच असेल, तर वादळात त्या सळईतून ठिणग्या काढता येतील. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावात हा प्रयोग झाला. प्रयोग योजणारे दालिबार तेव्हा गावात नव्हते. राखणीला ठेवलेल्या एका निवृत्त शिपायाने पहिली ठिणगी काढली आणि गावच्या पाद्र्याला निरोप धाडला. पाद्रीबाबा गारांच्या माऱ्यातून धावत आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ठिणग्या काढल्या! धर्म विरुद्ध विज्ञान असं सरधोपट चित्र रंगवणाऱ्यांनी हा पाद्री जरूर लक्षात ठेवावा. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान हे प्राध्यापक अशाच प्रयोगात जागीच ठार झाले. त्यांच्या सळईचं टोक जमिनीला जोडलेलं नव्हतं. तडितरक्षकाचं, म्हणजे विजेपासून घर वाचवणाऱ्या सळईचं, सारं मर्म त्या जोडणीत आहे. सळई वीज थांबवत नाही, तिला घराबाहेरून मातीत जायची सोपी वाट देते.

विरोध झालाच. नोव्हेंबर १७५५ मध्ये बॉस्टनला भूकंपाचा धक्का बसला. तिथले धर्मोपदेशक थॉमस प्रिन्स यांनी लिहिलं, की सळयांनी आभाळातली वीज जमिनीत भरली जाते. बॉस्टनमध्ये सळया जास्त, म्हणून बॉस्टन जास्त हादरलं. देवाच्या हातून सुटका नाही, हा त्यांचा निष्कर्ष. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं. या वादात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रिन्स यांनाही विजेचा जमिनीत जाण्याचा मार्ग सांगावा लागला. दैवी कोपालाही आता कार्यकारण द्यावं लागत होतं. आणि व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या ज्या मनोऱ्यावर शतकानुशतकं विजा कोसळत होत्या, त्यावर १७७६ साली सळई बसली. १७८६ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाने वादळात घंटा वाजवण्यावरच बंदी घातली.

दरम्यान सळई कोर्टातही पोचली होती. फ्रान्समधल्या सेंत-ओमेर गावात द व्हिसरी या वकिलाने १७८० मध्ये घरावर सळई लावली, टोकाला तलवारीचं पातं. शेजारी घाबरले, त्यांनी तक्रार केली आणि नगराधिकाऱ्यांनी ती काढायचा हुकूम दिला. अपील अरासच्या न्यायालयात गेलं. तिथे १७८३ मध्ये पंचवीस वर्षांच्या एका वकिलाने सळईच्या बाजूने युक्तिवाद केला आणि खटला जिंकला. त्याचं नाव मॅक्सिमिलियन रोबेस्पिअर, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीचा पुढारी झालेला. छापलेली भाषणं त्याने फ्रँकलिनला पाठवली. दहा वर्षांनी याच माणसाच्या सत्तेखाली फ्रान्समध्ये गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र, अखंड चालू होतं. सळईच्या बाजूने इतकं नेमकं बोलणारी बुद्धी तिथवर कशी गेली, हे मला अजून उलगडत नाही.

साहित्याने तर फ्रँकलिनला वीरच केलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्याला ‘आधुनिक काळाचा प्रॉमिथिअस’ म्हटलं; प्रॉमिथिअस म्हणजे ग्रीक पुराणात देवांचा अग्नी चोरून माणसाला देणारा. फ्रेंच मुत्सद्दी त्युर्गोने लॅटिनमध्ये ओळ रचली : त्याने आकाशातून वीज हिसकावली आणि जुलमी राजांच्या हातून राजदंड. राजदंडाचा रोख अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यावर. या ओळीचा साचा प्राचीन रोमन कवी मानिलिअसचा. तिथे रोमनांचा देवराज ज्युपिटर याच्या हातून वीज हिसकावणारी होती मानवाची बुद्धी. म्हणजे बुद्धीच्या जागी त्युर्गोने एका माणसाला बसवलं. फ्रँकलिनला ते मानवलं नाही. वीज अजून आपल्या नाकासमोर पडतेच आहे, आणि राजदंड हिसकावण्यात दहा लाखांहून जास्त लोक गुंतले आहेत, असं त्याने कळवलं.

राजाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये सळईचं टोक अणकुचीदार हवं की गोल, यावर भांडण पेटलं होतं. टोकदार हे बंडखोर फ्रँकलिनचं मत, म्हणून तिसऱ्या जॉर्जने राजवाड्यावर गोल टोकं बसवून घेतली. फ्रँकलिनचे चाहते त्यावर हसले.

सव्वादोनशे वर्षांनी चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरमाथ्यावर दोन्ही प्रकारच्या सळया शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि सात वर्षं वाट पाहिली. अणकुचीदार टोकातून सतत थोडाथोडा विद्युतभार गळत राहतो आणि त्या भाराचं आवरण सळईलाच झाकतं. वीज पडली ती गोलसर टोकांवर, साधारण १३ ते २५ मिलिमीटर जाडीच्या सळयांवर. अणकुचीदार टोकांवर एकदाही नाही.