संगणक कक्षाच्या नियमपत्रकामागची चाळीस वर्षं

जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर पालकांच्या हाती आणखी एक पत्रक पडतं: 'संगणक व इंटरनेट वापराचे नियम'. दोन पानं, वीस-पंचवीस कलमं, तळाला विद्यार्थ्याची आणि पालकाची सही. चपला बाहेर काढा, पेन ड्राइव्ह आणू नका, खासगी फायद्यासाठी इंटरनेट वापरू नका, १३ वर्षांखालील मुलांनी खातं उघडू नये, नियम मोडल्यास शाळेतून काढून टाकलं जाईल. सगळं एकाच रांगेत.

हे पत्रक एका बैठकीत कोणी लिहिलेलं नाही. ते थराथरानं साचत गेलं आहे आणि नवा थर चढताना जुना कोणी खरवडून काढलेला नाही. म्हणून त्यातली काही कलमं आजही मुलांना सांभाळतात, काही नुसतीच उरली आहेत आणि एखादं तर कायद्याच्या विरुद्ध आहे.

सगळ्यात खालचा थर यंत्र सांभाळण्याचा. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात २५० शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. ३२ किलोबाइट मेमरी, बेसिक भाषा, आणि बाहेरच्या जगाशी कसलीही तार नाही. त्या काळचे नियम धुळीचे, विजेचे आणि फ्लॉपीचे, म्हणजे फाइली साठवण्याच्या चकतीचे. चपलांचा नियम तिथला. पायाबरोबर येणारी माती पंख्यातून आत ओढली जाते, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर बसते आणि संगणक तापून बंद पडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कक्ष उघडला की हे हमखास दिसतं, त्यामुळे तो नियम ठेवायलाच हवा.

फ्लॉपीच्या नियमाचं कारण वेगळं. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे संगणक सुरू होताना जो भाग आधी वाचला जातो तिथे, बसायचा. फ्लॉपी आत विसरून संगणक चालू केला की तो मेमरीत उतरायचा आणि पुढे घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर स्वतःची प्रत ठेवायचा. दहा मुलं, दहा फ्लॉप्या, एक तास: सगळ्या बाधित. 'बाहेरची फ्लॉपी आणू नये' हे कलम असल्या अनुभवातून आलं. पुढे फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह हा शब्द बसला. विंडोज एक्सपी पेन ड्राइव्हवरची ऑटोरनची फाइल वाचून त्यातला प्रोग्राम आपणहून पुढे करायची. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये अद्यतन देऊन ते बंद केलं, पण शाळांतल्या एक्सपीवर अद्यतनं चढवतो कोण? फोल्डर गायब आणि त्या जागी शॉर्टकट, हा प्रकार त्यानंतरही अनेक वर्षं चालला. मनाई लिहिण्यापेक्षा शिक्षकांच्या एका संगणकावर आधी तपासून मग फाइल पुढे देणं, हाच मार्ग टिकला.

दुसरा थर अमेरिकेतला, आणि 'स्वीकार्य वापर' हा शब्दच त्यानं दिला. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं विद्यापीठं जोडण्यासाठी एनएसएफनेट हे जाळं उभारलं. पैसा करदात्यांचा, म्हणून वापर खुल्या संशोधनासाठी आणि शिक्षणासाठीच. त्या जाळ्याच्या धोरणात ठरवून दिलं होतं: या कामाला धरून असेल तो वापर स्वीकार्य, जाहिरात आणि मोठ्या प्रमाणावरचा खासगी धंदा अस्वीकार्य. तिथल्या शाळा प्रादेशिक जाळ्यांमार्फत याच तारेला जोडल्या गेल्या, तेव्हा धोरणही त्यांच्यापर्यंत पोचलं आणि शाळांनी ते मुलांच्या सहीसाठी कागदावर उतरवलं. मुळात तो मुलांच्या सुरक्षिततेचा नियम नव्हताच. तार ज्याची, त्याची ती अट होती.

३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा कणा, म्हणजे मुख्य जोडणी, बंद झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे ती अट आपल्या सार्वजनिक इंटरनेटला कधी लागूच नव्हती. तरीही 'व्यापारी वापरास मनाई' हे कलम आपल्या पत्रकांत दिसतं, कारण नमुने तिकडून उचलले गेले. दहावीतल्या मुलीनं आईच्या बचत गटाच्या पापडांसाठी शाळेत दरपत्रक टाइप केलं, तर या कलमाप्रमाणे तो गुन्हा. शाळेनं उलट तिला कौतुकानं ते स्प्रेडशीटमध्ये मांडायला शिकवावं.

तिसरा थरही तिथलाच, पण आता मूल मध्यभागी आलं. १९९६च्या दूरसंचार कायद्यानंतर अमेरिकेत शाळांना आणि ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. तारा झपाट्यानं वर्गात पोचल्या आणि भीतीही. डिसेंबर २००० मध्ये मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा झाला. सवलत हवी असेल तर अश्लील चित्रं अडवणारी गाळणी बसवा, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवा, सुरक्षा धोरण लिहा आणि स्वीकारण्यापूर्वी जाहीर सुनावणी घ्या. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ग्रंथालयांच्या खटल्यात हा कायदा वैध ठरवला. यातले तीन बारकावे आपल्याकडे येता येता गळाले. गाळणीची सक्ती चित्रांपुरती होती, मजकुरासाठी नव्हती. प्रौढ व्यक्तीला प्रामाणिक अभ्यासासाठी गाळणी बंद करून देता येत होती. आणि पालकांसमोर सुनावणी घ्यावीच लागत होती. आपल्याकडे पत्रक आलं, सुनावणी आली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

१३ वर्षांचं कलमही याच मातीतलं. १९९८ चा अमेरिकी कायदा १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू देत नाही, म्हणून तिथल्या कंपन्यांनी खात्यासाठी ती वयोमर्यादा घातली. भारतीय कायद्यात तो आकडा नाही.

भारतीय थर सुरू होतो माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला आणि २००९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती अमलात आली. कलम ६७ब तेव्हा आलं: मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं साहित्य पाठवणंच नव्हे, ते शोधणं आणि उतरवून घेणंही गुन्हा. त्याच दुरुस्तीनं ६६अ हे कलमही आणलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली ती याच कलमाखाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६६अ रद्द केलं. पत्रकात आजही 'कलम ६६अ नुसार कारवाई' असं छापलेलं असेल, तर ती धमकी नसलेल्या कायद्याची आहे.

याहून महत्त्वाचा २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. असा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं ते टाळलं तर त्याला शिक्षा आहे. वर्गात एखाद्या मुलाच्या फोनवर दुसऱ्या मुलीचं अश्लील छायाचित्र सापडतं, तेव्हा हमखास होणारी चूक एकच: 'पुरावा' म्हणून शिक्षक ते स्वतःच्या फोनवर घेतात किंवा मुख्याध्यापकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ते करायचंच नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, काही उघडू नये, पुसू नये, पाकिटात सीलबंद करून वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि पोलिसांना कळवावं. मुलीच्या पालकांना त्याच दिवशी बोलवावं. मदतीसाठी १०९८ आणि सायबर तक्रारीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. पत्रकाच्या दोन पानांत यासाठी एक ओळही नसते, याचं वाईट वाटतं.

इकडे डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी अ‍ॅट स्कूल्स' योजना आली. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी कंपनीनं कक्ष उभारायचा, पाच वर्षं चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा, अशी पद्धत होती. पाच वर्षं संपली की निदेशक जायचे आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही. नियमपत्रक भिंतीवर उरायचं.

अशा कक्षात 'वापरावर लक्ष ठेवलं जाईल' या कलमाचं काय होतं ते पाहा. पोलिसांचं पत्र येतं: अमुक तारखेला ११:४२ वाजता तुमच्या जोडणीवरून धमकीचा मेल गेला, कोणी पाठवला? दहाही संगणक बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यानं, म्हणजे जोडणीच्या एकाच क्रमांकानं, दिसतात. राउटरच्या नोंदी जागतिक वेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वीज गेल्यावर घड्याळ बिघडलं असेल तर तारीख १९७० ची. सगळ्या संगणकांवर लॉगिन एकच, 'student', आणि पासवर्डही तोच. कक्षाच्या वहीत लिहिलंय: '९ ब, ४ था तास, ३८ विद्यार्थी'. एका संगणकावर चार मुलं. उत्तर कुठेच नाही, आणि मग ज्याच्याबद्दल आधीपासून संशय, त्याच्यावर आळ येतो.

उपाय फुकटचा आहे. राउटरवर वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करून भारतीय वेळ निवडा, प्रत्येक संगणकाला क्रमांक रंगवा, वहीत संगणकाच्या क्रमांकापुढे चारही मुलांचे हजेरी क्रमांक लिहा, आणि लॉगिन निदान वर्गवार वेगळं ठेवा.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि तार शाळेच्या हातातून निसटली. पुढच्याच वर्षी मुलांना जिवावर बेतणारी आव्हानं देणाऱ्या 'ब्लू व्हेल' या कथित ऑनलाइन खेळाच्या बातम्यांनी पालक हादरले. ऑगस्ट २०१७ मध्ये सीबीएसईनं संलग्न शाळांसाठी परिपत्रक काढलं: फायरवॉल, गाळणी आणि देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवा, परवानगीशिवाय उपकरणं आणू देऊ नका, धोरण ठरवा. हेतू प्रामाणिक होता. पण गाळणीचं तंत्र तोवर पालटलं होतं. पूर्वी प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसलेली यंत्रणा, पानातले शब्द वाचून पान अडवायची. तेव्हाही 'ब्रेस्ट' शब्दावरून जीवशास्त्राचा धडा अडायचा आणि रोमन लिपीतल्या मराठी शिव्या मात्र सहज निसटायच्या. आता बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक जोडणीवर, आहेत. गाळणीला स्थळाचं नाव कळतं, पानावर काय आहे ते कळत नाही.

म्हणून आज लहान शाळेला परवडणारं काम डीएनएसवर, म्हणजे स्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, होतं. राउटरमध्ये मुलांसाठी गाळलेली डीएनएस सेवा भरायची. या चौकशीचं बाहेर जाणारं पोर्ट (जोडणीचं क्रमांकित दार) ५३ फक्त तिच्यासाठी खुलं ठेवायचं. अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'साठीचं पोर्ट ८५३ बंद करायचं. गूगल शोधाचं नाव forcesafesearch.google.com कडे आणि यूट्यूबचं restrict.youtube.com कडे वळवायचं. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' बंद केलं नाही तर ही सगळी मेहनत वाया, कारण ते नावाची चौकशी वेबच्या नेहमीच्या पोर्ट ४४३ वरून गुपचूप नेतं. यूट्यूब सरसकट अडवू नये. शिक्षक शोधून ठेवलेले धड्याचे व्हिडिओ तिथेच असतात. आणि मुलाच्या खिशातल्या हॉटस्पॉटवर यातलं काहीच चालत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावं.

२०२० मध्ये शाळाच घरात शिरली. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या त्या जुलैच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं आणि नववी ते बारावीला चार, अशी मर्यादा होती. घरात शाळेची नजर किती पोचावी, हा प्रश्न मात्र अमेरिकेत आधीच पेटला होता. पेनसिल्व्हानियातल्या लोअर मेरियन शाळा जिल्ह्यानं मुलांना दिलेल्या लॅपटॉपवर चोरी शोधण्याचं सॉफ्टवेअर होतं, आणि त्यानं वेबकॅममधून घरातली छायाचित्रं टिपल्याचं २०१० मध्ये उघड झालं. पालकांना याची कल्पनाच दिलेली नव्हती. ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे शिक्षेच्या कलमाकडेही पाहायला हवं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ नुसार मानसिक छळही करता येत नाही. तेव्हा सहावीच्या मुलाकडून 'नियम मोडल्यास काढून टाकलं जाईल' यावर सही घेणं चूक आहे. त्याच्या सहीला कराराचं वजनही नाही; १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती करार करू शकत नाही. सही घ्यावी ती त्यानं नियम वाचले, त्याला समजावले गेले याची नोंद म्हणून.

सगळ्यात वरचा थर नवा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल. त्याची माहिती हाताळण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं, त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. शाळांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती निरीक्षणाची सूट आहे. मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर शाळेनं वही घेऊन बसावं आणि लिहून काढावं: गृहपाठाचं अ‍ॅप, बसचं अ‍ॅप, फीचं अ‍ॅप, चेहरा ओळखणारी हजेरी, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट. प्रत्येकापुढे चार रकाने: मुलाची कोणती माहिती जाते, कुणाकडे, किती दिवस राहते, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसायची जबाबदारी कुणाची. बहुतेक ठिकाणी चौथा रकाना रिकामा राहील. पालकसभेत सुरुवात त्या रकान्यापासून करावी.